काढेकाका

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर भल्या सकाळी थर्मासच्या झाकणात काळपट-हिरवं काहीतरी ओतत बसलेले गृहस्थ म्हणजे काढेकाका. त्यांचं आडनाव कुणाला ठाऊक नाही, बीपी मात्र सगळ्यांना पाठ आहे. 150/90.

वाढलेल्या रक्तदाबानं मूत्रपिंडं खराब होतात, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यापासून काकांनी आपल्या किडन्या जणू दत्तक घेतल्या आहेत. सोमवारी पुनर्नवा, मंगळवारी गोखरू, गुरुवारी वायवर्णा. शनिवारी मारुतीचा उपास, म्हणून नुसतं शहाळं. काढा घशाखाली उतरावा म्हणून त्यात ज्येष्ठमधाची भरपूर पूड. ज्येष्ठमध रोज पोटात गेलं की अंगात सोडियम साठतं, पोटॅशियम घटतं आणि रक्तदाब चढतो, असं औषधशास्त्राच्या पुस्तकांत छापलेलं आहे. पण काका वाचत नाहीत, पुढे पाठवतात. शहाळ्यात उलट पोटॅशियम भरपूर, आणि थकलेल्या मूत्रपिंडांना ते बाहेर टाकणं जड जातं. एकानं घटवायचं, दुसऱ्यानं वाढवायचं. काका याला समतोल आहार म्हणतात.

डॉक्टरांनी लिहून दिलेली टेल्मिसार्टनची गोळी ‘केमिकल’ असल्यामुळे दिवसाआड. क्रिएटिनिन वाढलं तेव्हा काका रिपोर्ट नाचवत आले. “बघा, घाण निघायला लागली!” ती निघत नाहीये, रक्तात साठतेय, हे सांगायला कुणाची जीभ रेटली नाही.

कट्ट्यावरच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी एकदा धीर करून सांगितलं. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समध्ये बारीक होण्यासाठी चिनी वनस्पतींच्या गोळ्या घेतलेल्या कित्येक बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली. त्या गोळ्यांत ॲरिस्टोलोकिक आम्ल असलेली वनस्पती मिसळली गेली होती. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“चायनाचा माल,” ते म्हणाले. “दुसरं काय होणार?”

मिठाचा विषय मात्र काढायचा नाही. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. काका कुणी वनस्पती म्हणेल तो पाला उकळून पितील, पण पानातली लोणच्याची फोड हलू देणार नाहीत. “मीठ मी केव्हाच सोडलं. सैंधव खातो.” तेही सोडियम क्लोराइडच, पण डोंगरातून येतं, त्यामुळे बहुधा त्याला रक्तदाबाची वाट ठाऊक नसावी.

थर्मास रिकामा झाला की काका कोपऱ्यावरचा बटाटेवडा घेतात, वर मीठ चोळलेल्या दोन तळलेल्या मिरच्या मागून घेतात. काढा उष्ण असतो ना, रिकाम्या पोटी बाधतो.