बेसबॉल ग्लोव्हच्या वादीविषयी अल्प विवेचन

पूर्वसूरींनी मोक्षाचे मार्ग सांगितले, औषधांची अनुपाने सांगितली, घोड्याच्या अंगावरच्या भोवऱ्यांची शुभाशुभ फळेही सांगितली. पण बेसबॉलच्या ग्लोव्हची वादी तुटली तर काय करावे, याबद्दल अवाक्षर काढले नाही. ही उणीव बारामती तालुक्यातल्या वडगाव निंबाळकरात भरून निघावी, हे योग्यच झाले. शालेय क्रीडास्पर्धांच्या यादीत सॉफ्टबॉल आणि बेसबॉल दोन्ही आहेत, आणि शाळेच्या कपाटातला ग्लोव्ह वतनासारखा एका तुकडीकडून दुसऱ्या तुकडीकडे जातो. असा एक ग्लोव्ह दिवाळीच्या सुट्टीत पुतण्याच्या दप्तरातून आमच्या ओसरीवर आला. प्रस्तुत विवेचन त्याच्यावर आधारलेले आहे.

आधी इतिहास, कारण त्यावाचून कोणी शास्त्र मानत नाही. 1875 साली सेंट लुईसच्या चार्ल्स वेट याने पहिल्या बेसवर ग्लोव्ह घातला, तोही मुद्दाम कातडीच्या रंगाचा, लोकांना दिसू नये म्हणून. पाच-सव्वापाच औंसांचा चेंडू मर्दाने उघड्या हाताने घ्यावा, अशी तेव्हाची समजूत. पुढे सेंट लुईसच्याच बिल डोक या पिचरला सुचले, की अंगठा आणि तर्जनी यांच्या मध्ये वाद्यांची जाळी ओवली तर चेंडू तळहातावर न आपटता जाळीत विसावेल. रॉलिंग्ज कंपनीने तो ग्लोव्ह बाजारात आणला, 1922 मध्ये पेटंटही मिळाले. क्रिकेटचा कायदा यष्टिरक्षकाला ग्लोव्हच्या बोटांमध्ये पडदा लावू देत नाही. सवलत आहे ती फक्त अंगठा आणि तर्जनीमधल्या जागेला. म्हणजे डोकसाहेबांची जागा लॉर्ड्सवाल्यांनाही मान्य दिसते.

येथे एक शंका. उजव्या हाताने फेकणारा गडी ग्लोव्ह डाव्या हातात घालतो. प्रसाद उजव्या हातात घ्यायचा आणि झेल डाव्या हातात, हे शास्त्राला धरून आहे काय? समाधान असे, की ज्या पंचक्रोशीचा ऊस नीरा डाव्या कालव्यावर पोसला, तिने डाव्याला नावे ठेवू नयेत.

आता मुख्य प्रमेय. ग्लोव्ह म्हणजे मोट होय. विहिरीवर मोट चालायची तेव्हा चामड्याचे भले मोठे बोचके, त्याला सोंड, वर नाडा आणि सोंडेला सोंदूर असा सरंजाम असे. बैल धावेवरून उतरले की मोट वर यायची आणि सोंड थारोळ्यात मोकळी व्हायची. घ्यायचे, धरायचे आणि वेळेवर सोडायचे, हे मोटेचे तिन्ही धर्म ग्लोव्हमध्ये जसेच्या तसे सापडतात. मोटेला बैल लागत, ग्लोव्हला पी.टी.चे सर लागतात, एवढाच भेद. लहानपणी मोटा शिवताना पाहिलेले आमच्या आळीतले आप्पा ग्लोव्ह हातात घेऊन बराच वेळ उलटासुलटा करत होते. शेवटी म्हणाले, "लेका, वादी कोरडी वढायची न्हाय. वलसर कर, मंग वढ. सुकली की आपसूक आवळती." वाळताना कातडे आकसते, हा सगळा पदार्थविज्ञानाचा धडा त्यांनी तीन वाक्यांत उरकला. पुस्तकवाल्यांना याला एक प्रकरण लागले असते.

पूर्वपक्ष विचारतो, वादीच कशाला? बुटाची लेस ओवा. लेस ताणते, दोन झेलांत जाळीचा पाळणा होतो. बरे, नायलॉनची दोरी? ती स्वतः तुटत नाही, पण भोकांच्या कडा करवतीसारख्या कापत जाते, म्हणजे दोरी शाबूत आणि ग्लोव्ह गेला. सुतळी पहिल्या पावसात कुजते. मग पुतण्याने रानातून ठिबकची मायक्रोट्यूब आणली. भोकात अगदी बेताची बसली, काळीभोर दिसायलाही देखणी. पण गाठ काही केल्या धरेना. मारली की सुटायची, जणू तिला कुठे तरी पाणी सोडायला जायचे होते. तेव्हा सिद्धांत हा, की वादी चामड्याचीच हवी: पाचेक मिलिमीटर रुंद आणि चार हात लांब, कारण मूळ वादी सहा फुटांची असते. बाजारात चपला शिवणाऱ्या कारागिराकडून ती कापून घ्यावी. तो "कशाला?" असे विचारील. "बैलाला" असे सांगावे. खरे सांगितले तर गिऱ्हाइके खोळंबतात.

ओवण्याच्या बाबतीत मोठा अनर्थ म्हणजे उत्साहाच्या भरात जुन्या वाद्या एकदम उपसून काढणे. मग उरते ते चामड्याचे पान आणि भोकेच भोके. कोणती वादी कोठून कोठे गेली होती, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. एक वादी काढावी, तिच्या जागी नवी घालावी, मगच दुसरीला हात लावावा. मोबाइलवर आधी फोटो काढून ठेवणे पाखंड नव्हे. हत्यारे घरचीच: पोती शिवायचा दाभण, आणि सायकलच्या जुन्या स्पोकचे टोक वाकवून केलेला आकडा. घामाच्या मिठाने भोकाची कड काळी आणि कडक झालेली असते. तेथे दाभण हलकेच फिरवून वाट करावी, रेटू नये. वादीची गुळगुळीत बाजू वर राहील असे पाहावे. भोकात ती पालथी पडली की पीळ बसतो आणि तेथेच पुढच्या मोसमात तुटते.

सुरुवात कोठून करावी, यावर दोन संप्रदाय आहेत. अंगुष्ठवादी आधी जाळी विणतात, कारण फोटोत जाळी दिसते. कनिष्ठिकावादी करंगळीकडून बोटांची ओळ बांधत येतात आणि जाळी शेवटी घेतात. मी दुसऱ्या पंथाचा. बोटे आवळली की जाळीचा ताण बदलतो, त्यामुळे आधी विणलेली जाळी पुन्हा उसवावी लागते. तरी अंगुष्ठवाद्यांचा उत्साह पाहता तो पंथ बुडेल असे वाटत नाही.

तेलाचे प्रकरण थोडक्यात. अमेरिकेत गुरांच्या पायाची हाडे उकळून काढलेले तेल लावायची रीत आहे, येथे एरंडेल. चिंधीवर चार थेंब, बस्स. खोबरेल थंडीत थिजते. तेल जास्त झाले की ग्लोव्ह जड होतो, धूळ धरतो, आणि रात्री उंदीर येतात. ऊस तुटायला लागला की रानातले उंदीर घराकडे वळतात, आणि तेलकट चामड्याची पारख त्यांच्याइतकी कोणाला नाही. म्हणून ग्लोव्हच्या खिशात चेंडू घालावा, भोवती सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळावी आणि सारे पत्र्याच्या पेटीत ठेवावे.

उरलेल्या भोकाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. कितीही काळजीपूर्वक ओवले तरी शेवटी एक भोक रिकामे राहतेच. आप्पांच्या मते ते वाऱ्यासाठी आहे. पुतण्या म्हणतो, काका, तुम्ही अंगठ्याकडून सुरू केले असते तर राहिले नसते. सरांनी ग्लोव्ह हातात घालून दोनदा मूठ मारली आणि कपाटातले आणखी चार माझ्याकडे पाठवले.