निर्जळी जिरॅनियम

राजस्थानात कुणाला पाणी नाकारणं हे पातक आहे. उन्हाळा लागला की चौकाचौकात प्याऊ उभे राहतात, पाखरांसाठी झाडांना मातीचे परिंडे टांगले जातात. निर्जला एकादशीला तर उपास करणारे स्वतः कोरडे राहतात आणि रस्त्यावरच्या गाड्या अडवून लोकांना सरबत पाजतात. अशा मुलखात, जयपूरहून सीकरच्या रस्त्याला लागणाऱ्या चौमूंमध्ये, मी जिरॅनियम लावतो. जिरॅनियमला पाणी फारसं चालत नाही. सगळ्या भानगडीचं मूळ एवढंच.

चौमूं तुम्ही पाहिलेलं आहे, फक्त नाव ठाऊक नसेल. २००७ सालच्या ‘भूल भुलैया’ सिनेमात विद्या बालन ज्या महालात भूत होऊन नाचते, तो इथलाच. बायकोच्या बँकेनं तिची बदली इथे केली आणि तिच्याबरोबर बदली झालेला नवरा म्हणून मला गच्ची मिळाली.

जिरॅनियमही मराठी माणसानं पाहिलेलं असतंच. स्वित्झर्लंडच्या टूरचा कुठलाही अल्बम उघडा. लाकडी बाल्कनीतून तांबडी फुलं ओसंडताहेत आणि खाली काका-काकू स्वेटर घालून उभे आहेत. ती फुलं स्विस नव्हेत; त्यांचं माहेर दक्षिण आफ्रिकेत, केपच्या बाजूला. लिनियसनं १७५३ साली हे सगळं कुटुंब जिरॅनियममध्ये एकत्र नांदवलं होतं. १७८९ मध्ये लेरितिए नावाच्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानं त्यांना पेलार्गोनियम म्हणून वेगळं घर काढून दिलं. ही वाटणी होऊन सव्वादोनशे वर्षं उलटली, पण चौमूंच्या नर्सरीवाल्यापर्यंत ती अजून पोचलेली नाही. माझ्यापर्यंत पोचली, पण मी लक्ष देत नाही.

झाड गुणी आहे. जाड, मांसल खोडात ते स्वतःची बेगमी करून ठेवतं. वरची माती कोरडी झाल्याशिवाय त्याला पाणी द्यायचं नाही. कुंडी मातीची हवी, जरा तंगच हवी, कारण मुळांना ऐसपैस जागा मिळाली की हे पानं काढत बसतं, फुलांचं नाव घेत नाही. मातीत बनास नदीची जाडसर बजरी मिसळावी. तिच्यावरून इथे सुप्रीम कोर्टापर्यंत भांडणं गेली आहेत, पण शेजारच्या बांधकामावरून घमेलंभर मागितली तर कोणी नाही म्हणत नाही. थंडीत सकाळपासून दुपारपर्यंत ऊन द्यावं. फुलांचा झुबका वाळला की दांडा बुडाशी धरून कडकन मोडावा. बस. मुळं सतत ओली राहिली तर मात्र खोड जमिनीलगत काळं पडतं, आणि मग देवसुद्धा काही करू शकत नाही.

हे सगळं मी शेजारच्या काकीसांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि कुंडीत बोट खुपसून म्हणाल्या, “बापड़ो तिसायो मरै छै!” तहानेनं मरतोय बापडा! आणि तांब्या रिकामा केला.

तांब्यात काय होतं, तेही सांगायला हवं. इथलं भूजल पार खोल गेलंय आणि उरलंय ते खारट, जड. म्हणून घरोघरी आरओ बसवलेला. आरओ जे पाणी फेकतो त्यात सगळा क्षार गोळा झालेला असतो. ते वाया घालवणं काकीसांच्या तत्त्वात बसत नाही. म्हणून ते पुण्य दोन्ही घरांच्या मधला कठडा ओलांडून माझ्या कुंडीत येतं आणि पानांच्या कडा करपतात. करपलेली पानं पाहून काकीसांची खात्री पटते की झाड तहानलेलंच आहे.

मी शेवटी हिंदीत पाटी लावली: ‘कृपया पानी न दें’. दुसऱ्या दिवशी पाटीशेजारी एक परिंडा टांगलेला होता, काठोकाठ भरलेला. कबुतरं त्यात अंघोळ करतात. शिंतोडे कुठे उडतात, ते वेगळं सांगायला नको.

जाता जाता एक सांगतो. नर्सरीत वासाच्या पानांचं एक जिरॅनियम ‘मच्छर भगानेवाला पौधा’ म्हणून दामदुप्पट विकतात. पान चुरगळलं तर वास झकास येतो. पण न चुरगळलेल्या पानावर बसून विसावा घेणारा डास मी डोळ्यांनी पाहिला आहे.

पलीकडच्या घरात निवृत्त मास्टरसाहब राहतात. विषय इतिहास. मी मराठी आहे हे कळल्यापासून ते १७८७ची तुंगाची लढाई विसरू देत नाहीत. महादजी शिंदे जयपूरकडून खंडणीची बाकी वसूल करायला आले होते, आणि त्यांना माघार घ्यावी लागली. “आपने बहुत वसूला, अब हम वसूलेंगे,” असं म्हणून ते दर ऑक्टोबरात फांद्या मागायला येतात. मी चार छाटतो. पेराच्या खाली काप घ्यायचा, खालची पानं काढायची, काही तास सावलीत ठेवून जखम सुकू द्यायची आणि मग बजरीत खोचायचं. चारांतली एक त्यांची; ती चौथाई. परवा त्यांनी सरदेशमुखीचाही विषय काढला. दहा टक्के फांदी कशी द्यायची, म्हणून मूठभर शेणखतावर तडजोड झाली.

खरा पेच मे महिन्यात येतो. पारा पंचेचाळिशीकडे सरकतो, लू सुटते, जिरॅनियम फुलणं बंद करून जीव धरून राहतं आणि आम्हाला साताऱ्याला जायचं असतं. कुंड्या पूर्वेच्या खोलीत सावलीला ठेवता येतात, पण किल्ली कुणाकडे द्यायची? काकीसांनी हात पुढे केलाच होता. मास्टरसाहब काकीसांना नाही म्हणू शकत नाहीत, त्यांना कुणीच म्हणू शकत नाही. शेवटी मी मास्टरसाहबांचा नातू निवडला. तो डॉक्टर व्हायला निघालाय, सीकरला कोचिंगला असतो, आठवड्यातून एकदाच घरी येतो आणि आला की झोपतो. जिरॅनियमला याहून चांगला माळी मिळणं कठीण. मजुरी म्हणून एक फांदी ठरली होती. त्याच्या आजोबांनी मध्ये पडून तिच्या दोन केल्या.