चिन्मयनं शाळा सोडलेली नाही

मिसिसागा, ऑन्टारिओ
१८ मे

तीर्थरूप अण्णा आणि आई यांस,


चिन्मयनं शाळा सोडलेली नाही. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण पुण्याच्या आत्यांनी घरच्या ग्रुपवर ‘सुनंदाचा मुलगा कॅनडात पंक्चर काढतो’ अशी बातमी दिल्यापासून अण्णांचं जेवणावरचं लक्ष उडालंय, असं आईकडून कळलं. बातमी खोटी नाही. तो पंक्चर काढतो, आणि चांगलं काढतो. पण सायकली दुरुस्त केल्याबद्दल इथली शाळा त्याला रीतसर क्रेडिट देते, एवढी अर्धी बातमी आत्यांनी गाळली. फोनवर सांगायला जावं तर अण्णा, तुम्ही दर वाक्याला ‘ते ठीक, पण गणिताचं काय?’ म्हणता आणि मूळ मुद्दा राहून जातो. म्हणून हे पत्र. निवांत वाचा. आणि वाचून झालं की ग्रुपवर टाकू नका.

आता नीट सांगते. इथे नववी ते बारावी मिळून ३० क्रेडिट जमवली की शाळेची पदविका मिळते. एक क्रेडिट म्हणजे ११० तासांचा एक विषय. शिवाय ४० तासांची समाजसेवा. चिन्मयनं त्यातले बरेचसे तास आपल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात खुर्च्या मांडून आणि पुलाव वाढून भरलेत. बाप्पाच्या कृपेनं पदविका, असं हे म्हणतात.

वीसेक वर्षांपूर्वी या प्रांताचं शाळांच्या बाबतीत बरं चाललं नव्हतं. २००३-०४ साली शंभरातली ६८ मुलंच पाच वर्षांत ही पदविका पदरात पाडून घेत होती. बाकीची मध्येच गळत होती. मग सरकारनं २००६ मध्ये दोन गोष्टी केल्या. एक, शाळा सोडायचं वय सोळावरून अठरावर नेलं. तेव्हा अण्णा, चिन्मयनं उद्या मनात आणलं तरी त्याला शाळा सोडता येणार नाही. तो सोळाचा आहे आणि कायदा तुमच्या बाजूनं आहे. दुसरी, ज्यांचं मन बाकावर बसून रमत नाही त्यांच्यासाठी ‘स्पेशालिस्ट हाय स्किल्स मेजर’ नावाची एक वाट काढली. शेती, बांधकाम, विमानं, आरोग्य, हॉटेल असे आता १९ विभाग आहेत. त्यातला एखादा धरायचा आणि अकरावी-बारावीत त्याच्याशी जोडलेली आठ ते दहा क्रेडिट एकगठ्ठा घ्यायची. आमच्या चिरंजीवांनी ‘बिझनेस’ धरला. ऐकून मला आनंद झाला होता. डोळ्यांसमोर सूट, टाय, चकचकीत काचेची इमारत. सायकलचं दुकान काही आलं नाही.

यातली दोन क्रेडिट शाळेबाहेर, खऱ्या कामाच्या जागी मिळवायची असतात. त्याला इथे को-ऑप म्हणतात. फेब्रुवारीपासून चिन्मय सकाळी शाळेत दोन विषय शिकतो आणि दुपारी एका सायकलच्या दुकानात जातो. असे २२० तास. पगार? नाही. आई, आता ‘म्हणजे फुकट राबवून घेतात की काय पोराला!’ म्हणू नकोस. ते मी म्हणून झालंय, थेट शाळेत जाऊन. त्याच्या बाई शांतपणे म्हणाल्या, ‘तो तिथे शिकायला जातो, आणि दुकानदार त्याचा मास्तर आहे.’ मग त्यांनी कागद पुढे केले. मुलाची सही, पालकांची सही, दुकानदाराची सही, शाळेची सही, अपघात झाला तर विम्याची सोय. आमच्या लग्नातसुद्धा इतक्या सह्या लागल्या नव्हत्या.

तुम्हाला वाटत असेल, अर्धा दिवस शाळेबाहेर म्हणजे पोरगं मोकाट सुटलं. मलाही तसंच वाटत होतं. प्रत्यक्षात दप्तर हलकं झालं आणि लिखाण वाढलं. काय शिकणार याचा आराखडा आधी द्यायचा, रोजची नोंद ठेवायची, आणि बाई मधूनच दुकानात येऊन उभ्या राहतात. पहिल्या आठवड्यात यानं वहीत लिहिलं, ‘आज ब्रेक बदलले.’ वही परत आली. कोणाचे बदलले? ते का झिजले? गिऱ्हाइकाला तू काय सांगितलंस? त्यानं ते ऐकलं का? अण्णा, तुमच्या हाताखालून गेलेल्या मुलांनाही ‘उत्तर बरोबर आहे, रीत कुठाय?’ हेच ऐकावं लागायचं. इथे तेच, फक्त हात काळे करून.

याशिवाय प्रमाणपत्रं. प्रथमोपचाराचं झालं. हृदय बंद पडलं तर छाती कशी दाबायची, ते झालं. त्याचा सराव दुपारी सोफ्यावर डुलकी घेणाऱ्या यांच्यावर करायचा बेत होता, तो मी हाणून पाडला. आणि एक प्रमाणपत्र ग्राहकसेवेचं. घरात ‘जेवायला ये’ला हूं की चूं न करणाऱ्या मुलाला सरकारमान्य शाळेनं ‘हा लोकांशी उत्तम बोलतो’ असं लिहून दिलंय. ते मी फ्रिजवर लावलंय, त्याला दिसेल असं.

आता आत्यांच्या पंक्चरकडे येते. दुकानात हात बसल्यावर चिन्मयनं संध्याकाळी आणि शनिवारी आमच्या गॅरेजमध्ये स्वतःचं काम सुरू केलं. इथे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत सायकली बर्फामुळे गॅरेजमध्ये पडून असतात. एप्रिल आला की गल्लीतल्या प्रत्येकाला एकाच दिवशी आठवण होते, आणि प्रत्येकाच्या सायकलची चेन गंजलेली, ट्यूब बसलेली. धंद्याला मोसम बरा निवडला त्यानं. भोक शोधायला ट्यूब पाण्यात बुडवावी लागते, आणि त्यासाठी घरातलं सगळ्यांत पसरट भांडं म्हणजे तू दिलेलं पुरणाचं पातेलं. आई, ते आता दुकानाच्या मालकीचं झालंय. यंदा पुरण कुकरमध्ये झालं, एवढ्यावर विषय संपव.

काम त्याला येत होतं. पैसे मागणं येत नव्हतं. शेजारच्या पोलिश आजींच्या सायकलचं मागचं चाक लडबडत होतं. यानं तासभर बसून, एकेक स्पोक आवळत-सैल करत, बोट रिमशी धरून आउट काढला. चाक फिरवलं तर असं सरळ, की मीसुद्धा भाजी चिरायची थांबून बघत राहिले. आजींनी पर्स उघडली. ‘किती द्यायचे?’ आणि आमचा उद्योजक कान लाल करून म्हणाला, ‘असू द्या, असू द्या.’ अगदी तुमचा नातू! तुम्ही जन्मभर गावच्या पोरांच्या शिकवण्या घेतल्यात आणि कुणी पाकीट पुढे केलं की हाच हात असाच हलवलात. आपल्या घरात पैसा कमावलेला चालतो, मागितलेला चालत नाही. पगार कसा, कुणी न बघता बँकेत येऊन पडतो.

ही गोष्ट त्यानं वहीत लिहिली, त्याला वाटलं कौतुक होईल. बाईंनी खाली विचारलं, ‘तुझ्या एका तासाची किंमत शून्य आहे, हे कुणी ठरवलं?’ मग त्याला तक्ता करायला लावला. ट्यूब कितीला, ग्रीस किती, पान्यांची झीज किती, वेळ किती. मुलगा आठवडाभर तक्त्यात डोकं घालून बसला. अण्णा, गणिताचं काय, हे तुम्ही विचारत होतात ना? ते तिथे होतं.

दरपत्रक लागलं आणि मग आपली मराठी मंडळी आली. एक काका चार सायकली गाडीवर लादून घेऊन आले. त्यांचं नाव लिहीत नाही, तुम्हाला त्यांच्या बहिणीचं सासर माहीत आहे. दर वाचून म्हणाले, ‘अरे, आपल्याच घरचा ना तू?’ मी आत देवाला हात जोडले. चिन्मय म्हणाला, ‘हो काका. म्हणून दर सगळ्यांना सारखे, आणि घरच्या माणसांना चहा फुकट.’ काकांनी पूर्ण पैसे दिले आणि दोन कप चहा घेतला. ग्राहकसेवेचं प्रमाणपत्र मी फ्रिजवरून हॉलमध्ये हलवलं.

मात्र तो चहा मी केला होता. म्हणून मीही तक्ता केला. चहा, दूध, आलं, पातेल्याचं भाडं, आणि सगळ्यांत मोठी रक्कम पेट्रोलची. आमच्या भागात बस वेळेवर मिळेल तर शपथ, त्यामुळे दुपारी बारा वाजता शाळेतून दुकानात आणि संध्याकाळी दुकानातून घरी, सारथी मी. शाळेच्या माहितीपत्रकात ‘लवचीक वेळापत्रक’ असं छापलंय. ती लवचीकता सगळी माझ्या वेळापत्रकातून काढलेली आहे. या योजनेत मला खोट दिसते ती इथेच: ज्या मुलाच्या घरी मोकळी गाडी नाही, किंवा आईला दुपारची नोकरी आहे, त्याच्यासाठी ही वाट तेवढी सोपी राहत नाही. चिन्मयनं माझं बिल वाचलं आणि विचारलं, ‘उधारी चालेल?’ म्हणजे व्यापार शिकतोय खरा.

पुढचा बेत असा, की उन्हाळ्यात प्रांत सरकारच्या ‘समर कंपनी’ योजनेत भाग घ्यायचा. १५ ते २९ वयाच्या, सप्टेंबरात परत शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलांना स्वतःचा धंदा चालवायला ३,००० डॉलरपर्यंत मदत मिळते. अर्धी सुरुवातीला, अर्धी शेवटी, ठरलेलं काम पुरं केल्यावर. मध्ये अनुभवी व्यावसायिक मार्गदर्शन करतात. अर्ज गेलाय, निवड व्हायचीय. यांना लगेच कराची धास्ती. वर्षाला ३०,००० डॉलरच्या आत विक्री असेल तर इथला विक्रीकर गोळा करायची सक्ती नाही, हे मुलानंच बापाला समजावलं. पंक्चरं काढून ३०,०००चा आकडा गाठायचा तर निम्म्या मिसिसागात कुणीतरी खिळे टाकत फिरायला हवं.

वाद झाले नाहीत असं समजू नका. एकदा जेवताना म्हणाला, शॉपिफायच्या टोबी लुटकेनं दहावीनंतर शाळा सोडली होती आणि आज ऑटावात केवढी कंपनी! यांनी घास खाली ठेवून सांगितलं, ‘शाळा सोडून तो जर्मनीत प्रोग्रामिंगची उमेदवारी करत होता, पलंगावर लोळत नव्हता. २००४ मध्ये त्यानं स्नोबोर्ड विकायचं दुकान ऑनलाइन टाकलं, आणि त्यासाठी लिहिलेला प्रोग्राम दुकानापेक्षा मोठा झाला. तू आधी ताट उचल.’ मग मी आपलं माणूस काढलं. म्हटलं, तुझ्या पलूसच्या आजोबांच्या घरून किर्लोस्करवाडीचं स्टेशन जवळच आहे. ती वसवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची सुरुवात कशानं झाली? १८८८ मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानानं! पुढे लोखंडी नांगर, आणि १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी. चिन्मयनं लगेच विचारलं, ‘म्हणजे त्यांनीही शाळा सोडलेली?’ म्हटलं, हो, पण मास्तर म्हणून. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये ते शिकवत होते. सोडायचीच असेल तर आधी तिथे शिकवण्याएवढा शीक, मग सोड.

आणि पुढचं दार बंद होत नाही, हेही ऐका. बारावीला तो फिजिक्स, केमिस्ट्री, कॅल्क्युलस घेणारच आहे. इथली विद्यापीठं साधारणपणे बारावीच्या सहा विषयांचे गुण बघतात. पदविकेवर लागणारी या योजनेची लाल मोहोर त्या गुणांत भर घालत नाही. त्याची नजर वॉटर्लूवर आहे. ते विद्यापीठ १९५७ मध्ये सुरू झालं तेच को-ऑपवर: काही महिने वर्ग, काही महिने नोकरी. म्हणजे आत्यांना सांगायला ‘इंजिनिअरिंग’ हा शब्द शिल्लक आहे.

माझं मत विचाराल तर, या मोकळ्या शाळेनं त्याला नेहमीच्या शाळेपेक्षा जास्त जखडलंय. वर्गात चूक झाली तर गुण जातो. गॅरेजमध्ये चूक झाली तर पोलिश आजी ब्रेक न लागता उतारावर जातील, हे त्याला कळतं, म्हणून तो प्रत्येक सायकल दोनदा तपासतो. मी दहा वर्षं ‘नीट लक्ष देऊन कर’ म्हणून ओरडत होते, ते काम त्या आजींच्या सायकलनं केलं.

आता एक विनंती. डिसेंबरात आम्ही येतोय. अण्णांची जुनी सायकल मागच्या पडवीत उभी आहे, ती आल्या आल्या हा खोलणार. खोलू द्या. पण काम झाल्यावर ‘शाब्बास रे पठ्ठ्या’ म्हणून पाठीवर थाप देऊन मोकळे होऊ नका, आणि आई, तू लाडू पुढे करून हिशोब मिटवू नकोस. दर विचारा, घासाघीस करा, चाक फिरवून आउट आहे का ते डोळ्यांनी बघा, आणि मग मोजून पैसे द्या. त्यानं ‘असू द्या आजोबा’ म्हटलं, तर तिथल्या तिथे मला हाक मारा.

तुमची,
सुनंदा