कौटुंबिक ग्रुपवर सिनेमावरून वाद घालण्याची शास्त्रोक्त पद्धत

सिनेमातल्या स्त्री-पुरुष प्रश्नावर वाद घालण्यासाठी सिनेमा पाहिलेला असण्याची गरज नाही. ‘ॲनिमल’ (२०२३) ३ तास २१ मिनिटांचा आहे. तेवढ्या वेळात ग्रुपवर वादाच्या तीन फेऱ्या होतात. ट्रेलर पाहिलेला चालतो. ज्याने पूर्ण सिनेमा पाहिला आहे त्याला ‘म्हणजे तिकीट काढून तुम्हीच त्यांचे खिसे भरलेत’ असे सुनावून पहिल्याच फेरीत बाद करता येते.

सिनेमाचा समाजावर परिणाम होतो की नाही, हे सिनेमाचे नाव कळल्याशिवाय ठरवू नये. ‘सैराट’ (२०१६) आला तेव्हा पोरीबाळी बिघडतील म्हणून ज्यांची झोप उडाली होती, त्यांच्यातल्याच काही जणांनी ‘ॲनिमल’च्या वेळी ‘सिनेमा आहे, सिनेमासारखा बघा’ असा सल्ला दिला. समोरची बाजूही सोवळी नाही. ‘सैराट’ समाजाचा आरसा आहे, आरशावर राग काढू नका, असे तेव्हा बजावणाऱ्यांना सात वर्षांनी पडद्यावरून थेट आग लागताना दिसली. ‘सैराट’च्या वेळी जातीचे नाव न घेता ‘आपले संस्कार’ म्हणायची सोय झाली होती. ती अजून वापरात आहे.

सिनेमा चालला तर जनतेचा कौल, पडला तर जनतेची लायकी.

नाव न घेता बोलणे हीही मान्य रीत आहे. जानेवारी २०२४ मध्ये अजिंठा-वेरूळ महोत्सवात जावेद अख्तर यांनी सिनेमाचे नाव न घेता, बाईला बूट चाटायला सांगणाऱ्या नायकावर टीका केली. ‘ॲनिमल’च्या अधिकृत खात्यावरून त्याला उत्तर आले. टोपी बरोबर डोक्यावर बसली होती.

जुन्या सिनेमांचे दाखले ज्येष्ठांसाठी राखीव असतात. ‘कुंकू’मधली (१९३७) नीरा म्हाताऱ्या नवऱ्याला नवरा मानत नाही, ‘उंबरठा’मधली (१९८२) सुलभा घर सोडून महिलाश्रमाच्या नोकरीवर जाते, दोघींबद्दल काका भरभरून लिहितात. नायिका चाळीस वर्षांची जुनी झाली की तिचे बंड अभिजात होते. सुनेने नागपूरची बदली घेतली तर तो हेकटपणा.

आता थोडे कामाचे. एखादी गोष्ट दाखवली म्हणजे तिचे समर्थन केले असे होत नाही. आणि ‘आम्ही फक्त दाखवले’ म्हणून सुटताही येत नाही. हात उगारल्यानंतर कॅमेरा कुणाजवळ थांबतो आणि प्रसंग कुणाच्या बाजूने रचला आहे, एवढे पाहावे. ‘कबीर सिंग’मध्ये (२०१९) ग्लास फुटला म्हणून नायक कामवाल्या बाईमागे धावतो, तो प्रसंग हसण्यासाठी रचलेला आहे. ‘थप्पड’ (२०२०) मात्र एका थपडेनंतर जिला ती बसली तिच्यासोबत राहतो. हा मुद्दा ग्रुपवर मांडू नये. उत्तरादाखल फक्त हात जोडलेली इमोजी येते, आणि लिहिणाऱ्याची अर्धी रात्र फुकट जाते.

वाद मूळ विषयापासून किती लांब नेता येतो, हे ‘मिसेस’च्या (२०२५) वेळी दिसले. त्यातल्या सासऱ्यांना मिक्सरची चटणी चालत नाही, पाट्यावरचीच लागते. भाचीने सकाळी नऊला लिहिले की हा छळच आहे. काकांनी लिहिले, पाट्यावरच्या चटणीची चव मिक्सरला येत नाही. दुसऱ्या काकांनी दुरुस्ती केली, पाटा टाकी लावलेला हवा, गुळगुळीत पाट्यावर काही वाटले जात नाही. आणि टाकी लावणारे आता दारावर येत नाहीत. न्यू जर्सीच्या आत्तेभावाने तिकडे पाटा कुठे मिळतो ते कळवले. दुपारपर्यंत लसूण किती, खोबरे भाजावे की नाही, इथपर्यंत मजल गेली. सिनेमातली सून केव्हाच मागे पडली होती. काकांचे चवीबद्दलचे म्हणणे खरे आहे, हे कबूल करायला हवे. पाट्यावरची चटणी खरोखरच चांगली लागते.

सबंध ग्रुपवर हा सिनेमा पूर्ण पाहिलेल्या एकट्या मामी. दिवसभर त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी त्यांनी लिहिले, ‘आमच्याकडे पाटा-वरवंटा माळ्यावर आहे. ज्याला हवा त्याने काढावा, धुवावा, वाटावे.’

अशा वादाचा निकाल लागत नाही. नवा ट्रेलर आला की तो आपोआप बंद होतो. पाटा अजून माळ्यावरच आहे.