टक्का घटला, दवाखाना कुठाय?

वर्गणी कमी करा, ही उद्योगांची जुनी मागणी. सरकारने ती ऐकली. १ जुलै २०१९ पासून कर्मचारी राज्य विमा योजनेतला मालकाचा वाटा पगाराच्या ४.७५ टक्क्यांवरून ३.२५ टक्क्यांवर आला. कामगाराचा १.७५ वरून ०.७५ वर. देशभरातल्या आस्थापनांचे वर्षाला किमान ५,००० कोटी रुपये वाचतील, असा अंदाज तेव्हा सरकारनेच दिला होता. हिशेब सोपा आहे. १५,००० पगाराच्या माणसामागे मालकाचे महिन्याला २२५ रुपये वाचले, कामगाराचे १५०.

आता चंद्रपूर-गडचिरोलीचा हिशेब करू. विदर्भातलं जुनं राज्य विमा रुग्णालय नागपूरच्या सोमवारी पेठेत. चंद्रपूरहून दीडशे किलोमीटर. घुग्घुसच्या कामगाराला तिथे पाठवलं, तर त्याचा एक रोज बुडतो, सोबत आलेल्या बायकोचा दुसरा, आणि दोघांचं एसटीचं भाडं वेगळं. महिन्याचे वाचलेले १५० रुपये नागपूरच्या कितीतरी आधी संपतात. टक्का कमी झाला. अंतर होतं तेवढंच राहिलं.

लहान मालकाची तक्रार मला पटते. मूल, नागभीड किंवा वडसा इथला राईस मिलवाला अकरा-बारा माणसं कामाला ठेवतो. दर महिन्याला चलन भरतो. माणूस आजारी पडला की त्याला स्वतःच्या गाडीत घालून खासगी डॉक्टरकडे नेतो आणि बिलही भरतो. एकाच आजाराचे तो दोनदा पैसे देतो. त्याने आवाज उठवायलाच हवा. पण त्याच्या नावाने संघटना जे निवेदन देतात, त्यात दराचा मुद्दा पहिल्या ओळीत असतो. दवाखाना, डॉक्टर, औषधं हे मुद्दे त्याच्या वर यायला हवेत. मिलवाल्याचा खरा तोटा तिथेच होतो.

मोठ्या उद्योगांना मात्र ही दुहेरी खर्चाची सबब नाही. आवारपूर, गडचांदूर, उपरवाही हा सिमेंटचा पट्टा. बल्लारपूरची कागद गिरणी. चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या (वेकोलि) कोळसा खाणी. आणि आता एटापल्ली तालुक्यात सुरजागडचं लोहखनिज. कायम कामगारांसाठी मोठ्या कंपन्यांकडे दवाखाना असतो, डॉक्टर असतो, रुग्णवाहिका असते. धूळ मात्र कायम आणि ठेकेदारी असा फरक करत नाही. पोती भरणारा, बेल्टखाली झाडणारा, डंपर चालवणारा बहुतेक वेळा ठेकेदाराचा माणूस असतो. त्याच्या आरोग्याची हमी ठेकेदाराच्या मस्टरवर अवलंबून.

मस्टरचं महत्त्व समजून घ्या. राज्य विम्यात आजारपणाचा भत्ता पगाराच्या ७० टक्के मिळतो, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. त्यासाठी सहा महिन्यांच्या काळात ७८ दिवसांची वर्गणी जमा असावी लागते. ठेकेदाराने मस्टरवर दिवस कमी दाखवले, की भत्ता गेला. हिवतापाने दोन आठवडे झोपलेला माणूस तेव्हा घर कशावर चालवतो? गडचिरोलीत हा प्रश्न पुस्तकी नाही. राज्यातल्या हिवतापाच्या रुग्णांत या जिल्ह्याचा वाटा मोठा आहे.

कोणी म्हणेल, महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे की! आहे, आणि चांगली आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण ही मोठी गोष्ट आहे. पण ती यादीतल्या उपचारांसाठी, रुग्णालयात भरती झाल्यावर उपयोगी पडते. बुडालेला रोज ती भरून देत नाही. सरकारी योजना पुढे करून मालकाने स्वतःची जबाबदारी मागे घेऊ नये. गावात फिरता दवाखाना पाठवणं हे सीएसआरचं, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीचं, काम झालं. ते जरूर करा. पण फक्त स्वतःच्या कामगारांवर केलेला खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही, असं नियमच सांगतो. कारण कामगाराची तब्येत सांभाळणं हा धर्मादाय नाही. ते देणं आहे.

१९४८ च्या विमा कायद्यात कारखान्याची व्याख्या करताना खाण वगळली होती, कारण खाणीला वेगळा कायदा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. सामाजिक सुरक्षा संहितेत हंगामी कारखाने सोडून १० किंवा अधिक माणसांच्या आस्थापनांना, म्हणजे खाणींनाही, राज्य विमा लागू होतो. शिवाय केंद्राने एखादं काम जिवाला धोकादायक म्हणून जाहीर केलं, तर तिथे एक माणूस असला तरी विमा लागू करता येतो. या तरतुदीकडे उद्योगांनी संधी म्हणून पाहावं. खडक फोडणं, खनिज चाळणं, सिमेंटची पोती भरणं ही कामं त्या यादीत यावीत, अशी मागणी मालकांनीच आधी करावी.

याच संहितांसोबत चाळिशी ओलांडलेल्या कामगारांच्या मोफत वार्षिक तपासणीची घोषणा झाली. चाळिशी का? सिलिका धुळीत पंचविसाव्या वर्षी उतरलेल्या पोराची फुप्फुसं चाळिशीपर्यंत थांबत नाहीत. सिलिकोसिसला क्षयरोग समजून गोळ्या चालू राहतात आणि व्यावसायिक आजार म्हणून मिळणारी भरपाई हातची जाते. छातीचा फोटो कामावर घेतानाच काढायला हवा आणि पुढे दरवर्षी, वय कितीही असो.

सिकलसेलचंही तेच. या दोन्ही जिल्ह्यांतल्या आदिवासी आणि इतर समाजांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो. त्या उन्हात पाणी कमी पडलं, श्रम जास्त झाले, तर सिकलसेलच्या रुग्णाला असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. म्हणून रक्ततपासणी हवी. पण तिचा उपयोग माणसाला फाटकावरून परत पाठवण्यासाठी होता कामा नये. त्याला सावलीतलं काम मिळावं, पाणी आणि विश्रांती मिळावी, यासाठी तपासणी. नोकरी जाईल या भीतीने लोक आजार लपवू लागले, तर तपासणीचा सगळा खर्च वाया.

तेव्हा उद्योजकांनो, पुढचं निवेदन लिहाल तेव्हा पहिली मागणी दोन्ही जिल्ह्यांत सुसज्ज राज्य विमा रुग्णालयाची करा. दुसरी, ठेकेदाराने वर्गणी भरल्याची नोंद पाहिल्याशिवाय त्याचं बिल मंजूर न करण्याच्या सक्तीची. तिसरी, वयाची अट नसलेल्या तपासणीची. दराचा मुद्दा चौथा ठेवा. दर कमी करून घेण्याइतकी ताकद तुमच्याकडे आहे, हे २०१९ ने सिद्ध केलं आहे. तीच ताकद दवाखान्यासाठी लावा. कामगार संघटना त्या निवेदनावर तुमच्या शेजारी सही करतील.