पॅराबेनमुक्त शंकर नगर

रायपूरच्या शंकर नगरातल्या आमच्या गल्लीत सध्या ‘केमिकल हटाव’ची लाट आहे. तिची सुरुवात अर्थातच खरेदीने झाली. जुने शाम्पू, पावडरी, क्रीमं कामवाल्या बाईला देऊन टाकली (तिला केमिकल बाधत नसावं) आणि कपाटात सल्फेटमुक्त, पॅराबेनमुक्त, सिलिकॉनमुक्त बाटल्या आल्या. पूर्वी एका शाम्पूवर भागायचं. आता त्याच्या आधीचं तेल, नंतरचं सीरम आणि रात्रीचा मास्क, सगळंच मुक्त.

वहिनी लेबल भिंगातून वाचतात. ‘परफ्यूम’ एवढंच छापून आत वासाच्या डझनावारी रसायनांची सोय करता येते, कधी थॅलेट्सचीसुद्धा, असं मी म्हटलं. त्यांनी बाटली हुंगली. “छे, हा तर मोगरा आहे!”

मग मी कॅलिफोर्निया काढलं. तिथल्या 100 किशोरवयीन मुलींनी तीन दिवस नेहमीची प्रसाधनं सोडून कमी रसायनांची वापरली, तर लघवीतलं मिथाइल पॅराबेन 44 टक्क्यांनी आणि ट्रायक्लोसान 36 टक्क्यांनी उतरलं. हा अभ्यास 2016 मध्ये छापून आला. गंमत म्हणजे त्यांच्यात दुसरी दोन पॅराबेन उलट चढली. “स्वस्तातलं घेतलं असेल,” वहिनी म्हणाल्या. काहीच लावू नका, हा उपाय मी सुचवून पाहिला. पण फुकटची वस्तू आमच्या गल्लीत कोण तोंडाला लावणार?

एवढी चिकित्सा पार्लरच्या दारापर्यंतच. आत बिनलेबलाची पांढरी डबी मिळते. ‘हर्बल’ आहे म्हणे, आठवड्यात उजळपणा. अकोल्यात ब्युटिशियनकडून आणलेल्या अशाच क्रीमने आई आणि दोन मुलींची मूत्रपिंडं बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली, तेव्हा डबीत पारा सापडला. 2023 च्या सुरुवातीला त्याची बातमी आली होती. पारा त्वचेतलं मेलॅनिन बनू देत नाही, म्हणून गोरेपणा येतो. मग तो अंगात मुरतो आणि मूत्रपिंडांना गाठतो. आपल्या 2020 च्या नियमांत अशा क्रीममध्ये चुकून आलेला पारासुद्धा दहा लाखांत एका भागापुढे चालत नाही. पण नियम लागू करायला डबीवर बनवणाऱ्याचं नाव तरी हवं ना!

हे सगळं वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं. डबी उलटीसुलटी करून पाहिली.

“यावर पॅराबेन कुठे लिहिलंय?”

कुठेच नव्हतं. त्यांनी दोन डब्या घेतल्या. एक अकोल्याच्या नणंदेसाठी.