सुतळीसर

"कितवीत?"

आळीत कुणाकडे पाहुणे उतरले आणि त्यांच्याबरोबर पोर असलं, की सुतळीसरांचा पहिला प्रश्न हा. नाव नंतर. कुणाचा कोण, मूळ गाव कुठलं, सोयरीक कुठली, ज्या चौकशीवाचून साताऱ्यात माणसाला चहासुद्धा मिळत नाही, ती सगळी सरांच्या लेखी फिजूल. पोर "तिसरीत" म्हणालं की सर म्हणणार, "वा, कब!" "सातवीत" म्हणालं की डोळे चमकतात, "स्काउट!" "बारावीत" म्हटलं की आवाज किंचित उतरतो, "रोव्हर. उशीर झाला, पण हरकत नाही." मुलींसाठी बुलबुल, गाईड, रेंजर अशी वेगळी शिडी. पंचविशीच्या पुढचे सगळे पालक. ही जमात सरांना फारशी आवडत नाही, पण मुलं नेमकी त्यांच्याच घरात सापडतात, त्याला इलाज नाही.

सरांचं खरं नाव मतदारयादीत असेल. 'सुतळीसर' पडलं ते खिशातल्या सुतळीमुळे. दोन हात लांब, एक टोक लाल शाईत बुडवलेलं, कारण कुठलं टोक कुठल्यावरून गेलं ते समोरच्याला दिसलं पाहिजे. बँकेच्या रांगेत, कटिंगच्या दुकानात, इतकंच काय, तेराव्याच्या पंगतीत पानं वाढून होईपर्यंत ती सुतळी बाहेर येते. "डावं उजव्यावर, उजवं डाव्यावर. झाली रीफ नॉट. आता ओढ. ओढ की!" तुम्ही ओढता. गाठ सुटत नाही. सर तिची दोन टोकं एकमेकांकडे ढकलतात, गाठ अलगद उकलते आणि ते तुमच्याकडे असे बघतात की तुम्ही आता खिशातून सभासद वर्गणी काढणारच.

एका लग्नात त्यांनी गुरुजींनाही सोडलं नाही. उपरणं आणि शेल्याची गाठ मारून गुरुजी पुढच्या मंत्राकडे वळले, तोच सर पहिल्या रांगेतून म्हणाले, "गुरुजी, ही ग्रॅनी नॉट झाली. सुटेल हो." गुरुजींनी वरसुद्धा पाहिलं नाही. म्हणाले, "सुटायची असली तर तुमच्या गाठीनंही सुटेल. अक्षता टाका."

मी शाळेत त्यांच्याच हाताखाली स्काउट होतो. ते भूगोल शिकवायचे आणि शनिवारी खाकीत यायचे. प्रवेश झाला, प्रथम सोपान झाला, द्वितीय सोपानाच्या तयारीत दहावी आडवी आली आणि मी गळालो. याला आता तीस वर्षं उलटून गेली. मला मुलं झाली, चष्मा लागला, पण सर अजून चार लोकांत माझी ओळख करून देतात ती अशी : "हा आपला द्वितीय सोपान. राहिलाय त्याचा."

निवृत्तीनंतर शाळेनं भूगोल परत घेतला. स्काउट सरांनी घरी आणलं. आता त्यांचं खुलं पथक आहे. रविवारी सकाळी सात, नगरपालिकेच्या शाळेचं पटांगण. पटावर अकरा मुलं. एका संघात सहा ते आठ मुलं असावीत हा नियम, म्हणून वाघ संघात सात आणि गरुड संघात चार. त्या चारांतल्या दोघांना रविवारी शिष्यवृत्तीचा जादा तास असतो आणि तिसऱ्याला थंडी बाधते. उरलेला एकटा गरुड संघनायक म्हणून स्वतःलाच सावधान-विश्राम देताना मी पाहिला आहे.

तेव्हा पथक वाढवणं हा सरांच्या आयुष्याचा एककलमी कार्यक्रम झाला आहे, आणि त्यात पहिला अडसर येतो तो एका वाक्याचा. सर पंधरा मिनिटं जीव तोडून सांगतात. समोरचा पालक सगळं ऐकून घेतो आणि मान डोलावत म्हणतो, "म्हणजे एन.सी.सी. ना?"

त्या क्षणी सरांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. पुरणपोळीला कुणी गोड चपाती म्हणावं, तसं काहीसं. "एन.सी.सी. वेगळं," ते दात आवळून म्हणतात. "एन.सी.सी. १९४८ ची. आपलं १९०७ पासूनचं." आणि मग गाडी ब्राउनसी बेटाला लागते. बेडन-पॉवेलनं तिथं वीस मुलं घेऊन पहिलं शिबिर भरवलं. त्याच्याआधी आफ्रिकेत माफेकिंगला २१७ दिवस वेढा पडला होता आणि त्यात निरोप पोचवायची कामं पोरांनी केली होती. मग हिंदुस्थान. "१९०९ ला बंगळूरला पथक निघालं, पण आपल्या पोरांना आत घेत नव्हते! म्हणून ॲनी बेझंटबाईंनी आपलं वेगळं काढलं, मालवीयजींनी अलाहाबादला वेगळं काढलं. सगळ्यांच्या चुली वेगळ्या. त्या ७ नोव्हेंबर १९५० ला एक झाल्या. गाईडच्या मुली पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला आल्या." पालकाची बस एव्हाना पोवई नाक्यावरून निघून गेलेली असते.

हा सगळा मजकूर त्यांनी एकदा पत्रकावरही छापून घेतला, पाठपोट. 'रविवारी सकाळी ७' ही ओळ सर्वांत शेवटी, औषधाच्या बाटलीवर एक्सपायरी असते तेवढ्या अक्षरांत. मी म्हटलं, "सर, हे कोण वाचणार?" तर म्हणाले, "ज्याला धीर नाही तो पथकात येऊन तरी काय करणार?"

गळ्यातल्या दोन लाकडी मण्यांची तीच कथा. पचमढीला जाऊन त्यांनी हिमालय वूड बॅज केला, त्याचे ते मणी. आमच्याकडे गळ्यात मणी दिसला की लोक हात जोडतात आणि हळूच विचारतात, "कुठले महाराज?" सर सांगतात, आफ्रिकेतल्या झुलू राजाच्या माळेतून ही प्रथा निघाली. विचारणारा आणखी एकदा हात जोडतो.

आणि डावा हात! स्काउट एकमेकांना भेटले की डाव्या हातानं हस्तांदोलन करतात. सर हे स्काउटपुरतं ठेवत नाहीत. माझ्या आईपुढे त्यांनी तिच्या पंचाहत्तरीला डावा हात केला. आई दोन पावलं मागे सरकली. सर समजावून सांगायला लागले, की अशांटी योद्धे डाव्या हातात ढाल धरायचे, ढाल खाली ठेवून तो हात पुढे करणं म्हणजे विश्वासाची खूण. आईनं सगळं शांतपणे ऐकलं. "असेल हो," ती म्हणाली, "पण तीर्थ मी उजव्या हातावरच देणार."

मोठी मोहीम झाली ती फ्लेक्सची. पत्रकं कुणी वाचत नाही हे शेवटी त्यांना पटलं आणि ७ नोव्हेंबरच्या स्थापनादिनासाठी मोती चौकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांनी फ्लेक्स लावायचं ठरवलं. फ्लेक्सवाल्यानं नेहमीच्या सवयीनं विचारलं, "फोटो कुणाकुणाचे टाकायचे?" सर म्हणाले, "कुणाचाच नको." फ्लेक्सवाला गोंधळला. शुभेच्छुक? तेही नकोत. शेवटी पांढऱ्याशुभ्र फ्लेक्सवर स्काउटचं ब्रीद आणि खाली तारीख, एवढंच झळकलं : 'तयार राहा! ७ नोव्हेंबर.'

साताऱ्यात चेहरा नसलेला फ्लेक्स कुणी कधी पाहिला नव्हता. चेहरा नाही म्हणजे पुढारी नाही, पुढारी नाही म्हणजे सरकारी, आणि सरकार तयार राहा म्हणतंय म्हणजे पाणी जाणार. ६ तारखेला रात्री आळीत पिंपं, घागरी, कळश्या भरल्या गेल्या. आमच्या घरी प्रेशर कुकरसुद्धा भरून ठेवला होता. एका घरी तर मेणबत्त्यांचा पुडा आणला. ७ तारखेला सकाळी पाणी नेहमीच्या वेळी, नेहमीपेक्षा जास्त दाबानं आलं. पटांगणावर झेंड्याला सलामी द्यायला सर, दहा मुलं आणि एक कुत्रं होतं. मी संध्याकाळी सहानुभूतीच्या चार शब्दांनी सुरुवात करणार, तोच सर खुशीत म्हणाले, "म्हणजे लोकांनी वाचलं! आणि तयारही राहिले."

गणपतीत त्यांनी मंडळाकडे आरतीआधीची दहा मिनिटं मागून घेतली. प्रात्यक्षिक होतं दोन काठ्या आणि घोंगडीच्या स्ट्रेचरचं. जखमी म्हणून वाघ संघातला किडकिडीत मुलगा ठरला होता, पण सभासद वाढवायचे तर प्रात्यक्षिक दमदार हवं, असं सरांच्या मनात आलं आणि त्यांनी मंडळाच्या अध्यक्षांनाच झोपवलं. अध्यक्ष खात्यापित्या घरचे. चार मुलांनी उचलले, टाळ्या पडल्या, तिसऱ्या पावलाला डावीकडची काठी कडाडली. अध्यक्ष खाली. सगळे अध्यक्षांकडे धावले, सर काठीकडे. तुटका तुकडा गर्दीत उंच धरून ते म्हणत होते, "गाठ बघा! काठी मोडली, पण गाठ सुटली का?" मग अर्थात प्रथमोपचार झाले. अध्यक्षांची कंबर धरली होती, पण स्काउटच्या स्कार्फची झोळी बसते ती हातालाच. अध्यक्षांनी त्या दिवशीची आरती एक हात झोळीत घालून केली.

काकूंबद्दल लिहिलं नाही तर अन्याय होईल. त्यांनी गाईड कॅप्टन व्हावं म्हणून सरांनी वीस वर्षं पिच्छा पुरवला. काकूंचं उत्तर ठरलेलं : "घरात एक शिट्टी पुरे." पण शिबिराच्या आदल्या रात्री अकरा मुलांचे दशम्या-चटणीचे डबे त्याच बांधतात. स्काउट रोज एक सत्कृत्य करतो आणि ते होईपर्यंत आठवण म्हणून स्कार्फच्या टोकाला गाठ ठेवतो, हे सर फार कौतुकानं सांगत होते, तेव्हा काकू आतून म्हणाल्या, "आमच्या आया पदराला मारायच्या. त्याला बॅज नव्हता एवढंच."

मुलांच्या 'खरी कमाई' या उपक्रमाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. 'दान देऊ नका, काम द्या आणि कामाचे पैसे द्या' हे सरांचं तत्त्व मला मान्य. म्हणून मी दोन वाघांना स्कूटर धुवायला दिली. त्यांनी ती इतक्या मनापासून धुतली की पाणी प्लगपर्यंत गेलं. पन्नास रुपये त्यांना, दीडशे मेकॅनिकला. सरांनी वहीत दोन्ही आकडे लिहून घेतले आणि दीडशेपुढे 'अनुभव' असा शेरा मारला.

परवाचीच गोष्ट. समोरच्या बिऱ्हाडाचं सामान हलत होतं. टेम्पोत कपाट, कॉट, गाद्या, वर उलटं ठेवलेलं टेबल. टेम्पोवाल्यानं दोर वरून टाकला, पलीकडून ओढून घेतला, अलीकडे दोराच्या मधेच एक पीळ देऊन फासा केला, टोक खालच्या आकड्यात अडकवून पुन्हा वर त्या फाशातून ओवलं आणि आकड्याला पाय लावून मागं झुकत असा ओढला, की टेबलाचे पायसुद्धा करकरले. मग दोन वेढे, खाली खोच, खेळ खलास. सगळं मिळून दहा सेकंद. तोंडात तंबाखू होती, बोलण्याचा प्रश्नच नव्हता.

सर कट्ट्यावरून उठले. "सोडा," ते म्हणाले.

"काय?"

"गाठ सोडा. पुन्हा मारून दाखवा. हळू."

टेम्पोवाल्यानं घरमालकाकडे पाहिलं. घरमालकानं घड्याळाकडे पाहिलं. पण सर तोवर शिट्टी फुंकून मोकळे झाले होते आणि क्रिकेट टाकून सहा-सात पोरं गोळा झाली होती. टेम्पोवाल्यानं गाठ सोडली, पुन्हा मारली. सरांनी खिशातली सुतळी काढली. लाल टोक त्या फाशातून ओवताना त्यांचे हात थरथरत होते. "याला वॅगनर्स हिच म्हणतात," ते पोरांना म्हणाले. "मी पुस्तकातनं शिकवली तीस वर्षं. अशी कधी बसली नाही." मग टेम्पोवाल्याकडे वळून, "तुम्ही काय म्हणता हिला?"

टेम्पोवाला बाजूला जाऊन थुंकून आला. "काय म्हणायचंय? गाठ."

तिसऱ्यांदा त्यानं स्वतःहून सोडली. आता त्यालाही चव आली होती. एका पोराचा अंगठा फाशात धरून "असं नाय, पीळ आतल्या अंगानं" म्हणून सांगत होता. अर्धा तास कपाट, कॉट आणि गाद्या रस्त्यात उभ्या होत्या आणि घरमालक फोनवर कुणाला तरी "निघतोच आहे" म्हणत होते.

शेवटी इंजिन सुरू झालं. सरांनी खिडकीतून डावा हात आत घातला. टेम्पोवाल्याचा उजवा स्टिअरिंगवर होता, त्यानं डावाच दिला.

"पोरगं कितवीत?" सरांनी विचारलं.

"सहावीत."

सरांनी पाठपोट पत्रक पुढे केलं. टेम्पोवाल्यानं ते उलटसुलट केलं, वरच्या चार ओळींवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "एन.सी.सी. का हे?"

मी श्वास रोखला. ब्राउनसी बेट मला समोर दिसू लागलं.

"हो," सर म्हणाले. "तसंच. रविवारी सातला पाठवा."